बर्फातली कमळी

बुलढाण्याला थंडी येते ती जरा मिजाशीतच येते. खाली मलकापूर-नांदुऱ्याकडे लोक अजून पंखे लावून झोपलेले असतात आणि इकडे घाटावर आम्ही पेटीतले स्वेटर उन्हात टाकून बसतो. डांबरगोळ्यांचा वास आठवडाभर घरात फिरतो. सून म्हणते, "आई, कानाला काहीतरी बांधा," आणि मी मुद्दाम कान उघडे ठेवून अंगणात जाते. या वयात हट्ट करायला दुसरं उरलंय तरी काय! शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बांधकामाचा चौकीदार सकाळी पऱ्हाट्या पेटवून शेकत बसतो. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली कपाशीची वाळकी झाडं. कुठून आणतो कोण जाणे. त्यांचा धूर नाकात गेला की माझं बुलढाणा सुटतं. मी अमडापूरला, माझ्या माहेरी जाते.

एकच हिवाळा माझ्या डोक्यात घर करून बसलाय. बाकीचे सगळे त्याच्या आजूबाजूला गर्दी करून उभे आहेत, पण आत शिरायला त्यांना जागा नाही. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. शाळेच्या भिंतीवर जुना नकाशा काढून नवा लावला होता आणि त्याची गुंडाळीची सवय अजून गेली नव्हती. मी पाचवीत होते. माझा थोरला भाऊ गजानन, आमचा दादा, फौजेत भरती होऊन वर्ष उलटत आलं होतं.

त्या हिवाळ्याची तारीखवार हकिगत विचाराल तर मला सांगता येणार नाही. मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांची वाफ सांगता येईल. पहाटे हरभऱ्यावर पडलेलं दहिवर, पायाला झोंबणारं. आमच्या चांद्या बैलाच्या नाकातून निघणारे धुराचे लोट, आणि त्याच्या तोंडासमोर हात धरून मी शेकून घेतलेली बोटं. मायच्या टाचांच्या भेगा आणि त्यात भरलेलं मेण. थंडी वाजायला लागली की आमच्याकडे 'हिव वाजते' म्हणतात. शाळेत मी 'थंडी' म्हणायला शिकले, पण कुडकुडायला होतं ते अजून हिवानेच.

त्या वर्षी कापूस चांगला झाला होता. विकायला नेईपर्यंत तो घरातच ठेवायचा. आमच्या दोन खोल्यांपैकी आतली खोली पार भरून गेली होती आणि आम्ही माणसं बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने राहत होतो. मी मात्र संधी मिळाली की आत घुसायचे. सरकीसकटच्या त्या कापसात अंग रुतवून पडलं की काही वेळाने खालून ऊब यायला लागायची. केसांत पानांचा चुरा अडकायचा, आणि बा बाहेरून ओरडायचा, "कापूस नको दाबू वं पोरी, गाठी होते त्याच्या!" गुरुजींनी वर्गात बर्फाचं वर्णन केलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती खोली आली. पांढरं, पांढरं, भिंतीपर्यंत पांढरं. आमच्या घरात जे सगळ्यात पांढरं होतं तेच सगळ्यात ऊबदार होतं. त्यामुळे बर्फ गार असतो हे मला पाठ होतं, पण पटत नव्हतं.

दादाची पत्रं यायची ती मीच वाचायची. मजकूर ठरलेला. सगळ्यांना नमस्कार, मी खुशाल आहे, चांद्याचा खुर बरा झाला का ते कळवा. त्या हिवाळ्यातल्या पत्रात मात्र एक ओळ जास्तीची होती. 'इथे चोहीकडे बर्फच बर्फ आहे. जागेचे नाव लिहिण्यास परवानगी नाही.'

माय म्हणाली, "म्हंजे कुठी हाय तो?"

"लिवू देत नाई त्याले."

"लेकरू कुठी ठेवलं हे मायले सांगाले काय होते बापा यायचं?"

याचं उत्तर मिळालं माझ्या भूगोलाच्या पुस्तकात. आम्ही त्या काळी अभ्यास मोठ्याने करायचो, गल्लीला ऐकू जाईल असा. मी कंदिलापुढे बसून घोकत होते, "ध्रुव प्रदेशात वर्षभर बर्फ असते." माय हातातलं पीठ तसंच घेऊन चुलीपासून उठून आली.

"काय म्हनलं? बर्फ? मंग तिथंच असन गजानन."

बा म्हणाला, "अवं, तो हिमालयात असन. मास्तर म्हने."

"मास्तर गेल्ता का पाहाले?"

झालं. फौजेने लपवलेली जागा मायने हुडकून काढली आणि दादाला उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवलं. बाने एकदोनदा समजावून पाहिलं, मग नाद सोडला. मी तर पाचवीतली. पुस्तकात बर्फ एकाच धड्यात होता, म्हणजे दादाही त्याच धड्यात असणार, असं मलाही वाटायला लागलं.

मग रोज दिवेलागणीला माय सरकी काढायला बसायची आणि मी धडा वाचायचे. तिने चांगला पांढराशुभ्र कापूस बाजूला काढून ठेवला होता. त्यातली एकेक सरकी बोटांनी काढायची. हात चालू आणि प्रश्न चालू.

"तिथं घर कशाचं म्हने?"

"बर्फाचं."

"अन् त्यात माणूस झोपते? खोटं बोलून राह्यली तू."

"पुस्तकात लिवलं हाय. आतून गरम राह्यते."

तिचे हात थांबले. ती कापसाच्या खोलीकडे बघत राहिली. "असन बापा," ती म्हणाली, "आपला कापूस नाई का." आणि मला वाटलं, बघा, हिलाही तसंच वाटतं.

सहा महिन्यांची रात्र तिला अजिबात आवडली नाही. "मंग दात कवा घासते तो? जेवते कवा?" असं विचारत राहिली. जनावरांच्या भागात मात्र ती रमायची. पांढरं अस्वल, सील, ओझी ओढणारे कुत्रे. रेनडिअर बर्फ उकरून खालचं शेवाळ खातो हे वाचल्यावर तिने दोनदा वाचायला लावलं. अस्वलाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो असं सांगितलं तेव्हा म्हणाली, "गजाननच्या आंगावर कुठी हाय चरबी? बरगड्या मोजून घ्या त्याच्या."

आणि धडा संपला की रोजचा तो एक प्रश्न. "पन माणूस तिथं राहू शकते का? काय लिवलं?"

मी वाचायचे, "तेथील लोक काटक असतात."

"ते तिथले लोक. आपल्यातल्याचं काई लिवलं का?"

"नाई."

"पाह्य बरं, मांगच्या पानावर असन."

मागच्या पानावर स्वाध्याय होता.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले. बुलढाण्याच्या शाळेत हा धडा वर्षानुवर्षं शिकवला. पुस्तकं बदलली, चित्रं रंगीत झाली, पण तो धडा नेमका थंडीतच यायचा. दर वर्षी कोणी ना कोणी विचारायचंच, "बाई, इतक्या थंडीत माणूस खरंच राहतो?" मी सांगायचे ते सगळं बरोबर सांगायचे. कातड्याचे कपडे, चरबीचा आहार, अंगाला हळूहळू होणारी सवय. प्राणी कळपाने एकमेकांना चिकटून कसे उभे राहतात, बाहेरचा आत जातो, आतला बाहेर येतो. सांगता सांगता खिडकीतून बाहेर बघावं लागायचं. मुलांना वाटायचं बाई उत्तर आठवतायत.

सरकी काढून झाली तशी मायने पिंजाऱ्याला बोलावलं. पिंजारीचाचा अंगणात बसला, त्याच्या धनुकलीचा तो 'तांय तांय' आवाज, आणि कापूस फुगून फुगून दुप्पट झालेला. बाजारातून लाल कापड आणलं होतं, आतून मायचं मऊ झालेलं जुनं लुगडं. तिने दुलई भरली. नुसती भरली नाही, बोटाच्या पेरापेरावर टाके घातले, म्हणजे कापूस एका जागी गोळा होऊ नये. बा म्हणाला, "एवढी जाड? पोरगा चेंदून जाईन खाली." माय म्हणाली, "तुम्ही गेल्ते का ध्रुवावर?" मास्तरबद्दल विचारलेला प्रश्न आता बाच्या वाट्याला आला होता.

आणि दादा आला. संक्रांतीच्या आगेमागे, सुट्टीवर, एक दिवस अचानक दारात. चांगला दांडगा झाला होता. नाकाची कातडी सोललेली, गाल काळवंडलेले. नेमकी तेव्हाच थंडीची लाट आली होती. सकाळी धुई इतकी पडायची की समोरचं लिंबाचं झाड दिसायचं नाही. गाव सगळं घोंगड्यात. आणि आमचा दादा विहिरीवर जाऊन उघड्या अंगाने गार पाण्याच्या बादल्या ओतून घेत होता! लोक बघायला यायचे. बा मिशीतल्या मिशीत हसायचा.

पहिल्याच संध्याकाळी मायने कापसाच्या खोलीत त्याच्यासाठी जागा केली. मी इतकी वर्षं भांडून जी जागा मिळवू शकले नव्हते ती. दादा आत गेला, पाच मिनिटं बसला, आणि खाट ओढत अंगणात घेऊन आला.

"माय, आत जीव घाबरते. लय गरम होते."

"मंग दुलई तं घे!"

त्याने दुलई हातात घेतली, तिच्यावरून हात फिरवला, कौतुक केलं, आणि पायथ्याशी घडी करून ठेवली. "हे कायचं हिव, माय? आमच्यासाठी हा उन्हाळा हाय."

माय म्हणाली, "आमच्यासाठी म्हंजे कोनासाठी?"

दादा गोंधळला. त्याने सांगितलं की तिथे लोकरीचे कपडे मिळतात, बूट मिळतात, सगळं सरकार देतं. प्रत्येकाच्या सामानाचं वजन ठरलेलं, दुलई नेता येत नाही. हे सगळं तिला आनंद व्हावा म्हणूनच तो सांगत होता. माय घरात आली आणि भांडी जोराजोरात लावायला लागली.

"राह्यते म्हने माणूस तिथं," ती म्हणाली. "राह्यते. चांगला राह्यते."

बा म्हणाला, "मंग तुले हेच पाह्यजे होतं ना?"

"हाव. हेच पाह्यजे होतं," असं म्हणून ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

तेव्हा मला तिचा राग आला होता. महिनाभर माझा घसा कोरडा पाडून जे उत्तर मागत होती, ते धडधाकट दारात येऊन उभं राहिलं आणि ही रडते! आज माझा स्वतःचा धाकटा मुलगा दिल्लीहून फोन करतो आणि म्हणतो, आई, इथलं जेवण आता आवडायला लागलंय. मी म्हणते, बरं झालं बाबा. फोन ठेवला की मीही भांडी आवाज करत लावते.

दादाची खरी गोष्ट कळली ती शेकोटीपुढे. शेकोटी आमच्यासाठी होती, तो आपला लांब सरकून बसला होता. बैलांची सवय असलेला गडी म्हणून त्याला खेचरांवर नेमलं होतं. वरच्या चौक्यांना धान्य-सामान पोचवायचं, खेचरांच्या पाठीवरून. त्याच्याकडे एक खेचरी होती. "मोठी गुणाची हाय," तो म्हणाला. "कमळी नाव हाय तिचं."

बा असा हसला की त्याला ठसका लागला. कमळी म्हणजे मी! कमल माझं नाव, घरात कमळी. खेचराला माझं नाव! मी शेकोटीपुढून उठले. दुसऱ्या दिवशी शाळेत पोहोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोहोचलेली. पोरं म्हणायची, "कमळे, दप्तर पाठीवर ठिवू का?" मी दादाशी बोलणं सोडलं.

तोच माझ्याजवळ येऊन बसला. "रागावू नको वं," म्हणाला. "तिथं दिवस-दिवस कोनाशी बोलनं नसते. हाका माराले घरचं एखांदं नाव पाह्यजे ना तोंडात."

मग त्याने सांगितलं. माय आत चुलीपाशी होती, पण भाकरी थापायचा आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती. बर्फ पडायला लागला की वाट दिसत नाही, मग तो कमळीची शेपटी धरून चालतो, तिला वाट कळते. तिच्या पापण्यांवर बर्फ जमतो, तो बोटांनी काढावा लागतो. एकदा मधेच अडकले, पुढे जाता येईना, मागे येता येईना. तेव्हा ती खाली बसली आणि हा तिच्या पोटाला पाठ लावून बसला. "तिचं पोट हालते तं आपल्याले वाटते, कोनीतरी हाय," दादा म्हणाला. "तेवढ्यावर निभते वं. नाईतं कोट अन् बुटानं काई होत नाई तिथं."

माय दारात आली. "अन् तिच्या आंगावर काय असते?"

"एक घोंगडं असते. बर्फानं वलं होऊन जाते."

ती परत चुलीपाशी गेली.

दादा पुढे बरीच वर्षं फौजेत राहिला. सुटल्यावर त्याला वरच डोंगरात काम मिळालं, तिथलीच बायको केली, गोरीपान, अबोल, आमच्या ठेच्याने डोळ्यांत पाणी येणारी. यायचा तो पाहुण्यासारखा, दर दोनतीन वर्षांनी, हिवाळ्यातच. उन्हाळा त्याला सोसेना. त्याची पोरं डिसेंबरात पंखा मागायची. वाटणीचं शेत बा असेपर्यंत त्याची वाट बघत पडीक होतं. तो वाईट मुळीच नव्हता. पैसे पाठवायचा, पत्रं लिहायचा, मायच्या शेवटच्या आजारपणात धावत आला. पण तो तिथला झाला होता. काही वर्षांपूर्वी तिथेच गेला, म्हातारा होऊन, झोपेत. बर्फामुळे रस्ते बंद होते आणि मला जाता आलं नाही. मला त्याची फार आठवण येते. मोठ्या झालेल्या दादाची येत नाही इतकी, अंगणात खाट ओढून उघड्यावर झोपलेल्या त्या दांडग्या पोराची येते.

दादाच्या सांगण्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अंगणात माय दुलई उसवत बसली होती. तिने इतके बारीक घातलेले ते टाके, एकेक, दाभणाने. मला वाटलं तिचं डोकं फिरलं. मग तिने चांद्याला गोठ्यातून आणला, त्याच्या पाठीवर लाल कापड टाकलं आणि दादाला हाक मारली.

"खेचर यवढं असते का?"

"उंच असते. आंगानं बारीक." दादाला अजून उमगलं नव्हतं. "अन् वशिंड नसते त्याले."

"मंग पाठ सपाट येईन," माय स्वतःशी म्हणाली. "पोटाचा घेर सांग." त्याने दोन्ही हात पसरून दाखवला. "शेपटीपाशी मोकळं पाह्यजे का झाकलेलं?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो खाटेवर बसला. पोळ्याला बैलाच्या पाठीवर आम्ही झूल घालतो, ती नक्षीची, मिरवायची. ही कापूस भरलेली झूल आमच्या गावाने कधी पाहिली नव्हती. बा म्हणाला, "आता गाढवायले दुलया शिवा!"

"गाढव नाई, खेचर हाय," माय म्हणाली. "अन् तिले नाव हाय."

चांद्या शहाण्यासारखा उभा होता. मी सुईत दोरा ओवून देत होते. माझा राग कधी गेला मला कळलं नाही. पोटाखाली बांधायला बंद केले, तेही कापडाच्या तिहेरी घडीचे. "हे तं नेता येईन ना?" मायने विचारलं. दादा म्हणाला, "येईन. जनावराचं सामान येगळं धरते." आता खरंच तसं असतं का, हे मी त्याला पुढे कधी विचारलं नाही.

त्याच्या जाण्याच्या दिवशी धुई होती. खामगावकडे जाणारी एस.टी. दिव्यांसकट एकदम समोर उभी राहिली. पुढे शेगावहून त्याला आगगाडी धरायची होती. सकाळपासून माय त्याच्याशी धड बोलली नव्हती. बाने त्याच्या पाठीवर थाप मारली. मला त्याने उचललं आणि म्हणाला, "भूगोलात पयली ये." दादा नुसत्या सुती सदऱ्यावर होता, आम्ही तिघं दात वाजवत.

मायने गाठोडं त्याच्या हातात दिलं. त्याच्याकडे न बघता, एस.टी.च्या चाकाकडे बघत म्हणाली,

"कमळीले सांगजो, माय म्हनत होती. झूल तिची हाय, तिनं पांघरावी. पन हिव लय झालं तं माह्या लेकाले पोटाशी घेत जाय म्हना."

दादा हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. कंडक्टरने घंटी ओढली. तो चढला, खिडकीशी बसला. गाडी हलायला लागली तशी त्याने गाठोड्याची गाठ सोडली आणि सगळ्या प्रवाशांच्या देखत ती लाल झूल स्वतःच्या खांद्यांवरून ओढून गळ्यापर्यंत लपेटून घेतली.

"अरे, ते जनावराची हाय!" माय ओरडली, आणि एस.टी.च्या मागे धावायला लागली.